पाठमोऱ्या मास्तरांचा मंगळवार

आमच्या वाचनालयातले मास्तर दर मंगळवारी दुपारी आमच्याकडे पाठ करून बसत. तसं ठरलंच होतं. एकोणीसशे पंचवीस-तीसच्या दरम्यानची गोष्ट. नेमकं साल मला विचारू नका, सालं लक्षात ठेवायचं काम आमच्या घरात पुरुषांकडे होतं.

आमच्या गिरण्यांच्या गावच्या शुक्रवार पेठेतल्या त्या वाचनालयात एरवी पुरुषांचं राज्य. वर्तमानपत्रं कुणीही यावं आणि फुकट वाचावीत, वर्गणी भरली तर पुस्तकं घरी न्यावीत. मंगळवारी बाजार, त्यामुळे दुपारी तिथे चिटपाखरू फिरकत नसे. ती मोकळी पडलेली वेळ वाचनालयाच्या मंडळींनी बायकांना देऊन टाकली. वर्गणी नाही, अनामत नाही. मधल्या खोलीत बसायचं, हवं ते पुस्तक वाचायचं, जाताना परत कपाटात ठेवायचं. घरी मात्र न्यायचं नाही.

आता बायका येणार म्हटल्यावर पेठेतल्या सासऱ्यांनी आणि नवऱ्यांनी अट घातली, की खोलीत पुरुष नको. पुस्तकं सांभाळणारी बाई कुठून आणायची? मग अशी तोड निघाली, की मास्तरांनी पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचं आणि बायकांनी मागच्या बोळातल्या दाराने यायचं, त्याच दाराने जायचं. पुस्तक हवं असेल तर आतून विचारायचं. मास्तर न वळता सांगत, "तिसरं कपाट, खालून दुसरा कप्पा, डाव्या बाजूला." पुस्तक तिथे असायचंच. शाळामास्तर म्हणून पेन्शन घेतल्यावर ते हे काम करीत होते. मी त्यांचं तोंड तेव्हा कधी पाहिलं नाही. काळी टोपी, मानेवरची पांढरी लव आणि कोटाची विटलेली पाठ, एवढेच मला मास्तर ठाऊक.

मला वाचनाची आवड होती म्हणून मी जात होते असं कुणी समजू नये. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. जोडाक्षर आलं की मला घाम फुटायचा. मी जायची ती वन्संची सोबत म्हणून. तरण्या बाईने एकटीने वाचनालयात जायचं ही गोष्ट आमच्या घरात कुणाच्या पचनी पडली नसती. दोघींनी गेलं की मात्र चालायचं. यात काय तर्क आहे ते मला आजवर समजलेलं नाही.

वन्सं म्हणजे माझी नणंद, माझ्याच वयाची. तिला दुधनीला दिली होती. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला माहेरी आणून सोडलं. पुढे दुसरीला मुलं झाली, घरात कामाला हात कमी पडू लागले, तेव्हा तिकडून निरोप यायला लागले की पहिलीला पाठवा. वन्सं म्हणाली, मी परीक्षा देईन आणि मास्तरीण होईन. त्या वेळी मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालं की पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जाता येई. मामंजी, म्हणजे वन्संचे अण्णा, गिरणीच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी एकदाच सांगितलं, "या वर्षी पास झालीस तर पुण्याला घालीन. नाही तर दुधनीला जायचं. पुन्हा हा विषय घरात नको." मामंजी वाईट नव्हते. लोकांच्या बोलण्याला कंटाळले होते. पण वाईट नसलेल्या माणसांनीच बायकांना नको तिथे पोचवलेलं मी पुष्कळ पाहिलं आहे.

एकदा जात्यावर बसलो असताना वन्सं मला म्हणाली, "वहिनी, तिकडे परत गेले तर मी काही मरणार नाही. तेच वाईट आहे. पुष्कळ वर्षं जगेन." आणि पुन्हा दाणे घालून ओढायला लागली. त्यानंतर मी एकही मंगळवार चुकवला नाही.

परीक्षेची पुस्तकं विकत घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. वाचनालयात ती होती. तेव्हा मंगळवारची दुपार हीच वन्संची शाळा. तिची एक सवय होती. आपला आवाज आपल्या कानांवर पडल्याशिवाय तिच्या डोक्यात काही शिरत नसे. म्हणून ती मोठ्याने वाचायची. खोलीत "शांतता राखा" अशी पाटी होती. पण मास्तर कधी हरकत घेत नसत. त्यांची पाठ हलायचीसुद्धा नाही.

आधी आम्ही दोघीच. एका मंगळवारी जवळच्या देवळातल्या म्हाताऱ्या पुजारीणबाई बोळातून चालल्या होत्या. आतून वाचनाचा आवाज आला, त्यांना वाटलं पोथी चालली आहे. आत आल्या, पुस्तकाला नमस्कार केला आणि पदर सावरून बसल्या. सगळी दुपार त्यांनी अपूर्णांक ऐकले. आम्हाला वाटलं, आता काही या यायच्या नाहीत. पुढच्या मंगळवारी सुनेला घेऊन हजर! मग मागच्या आळीतल्या विणकरांच्या तेलुगू बायका यायला लागल्या. टांगेवाल्याची बायको आपल्या जावेला घेऊन यायची. आत आली की बुरखा खुंटीला टांगायची आणि पहिल्यांदा तोंडावर पदर धरून हुश्श करायची. बाजारात भाजी विकायला आलेली एक माळीण बाळाला पाजायला सावली शोधत आली ती कायमचीच झाली. बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्या बसायला यायच्या, पाय पसरायला यायच्या, आणि वन्सं दुपारच्या शेवटी एका सावकाराच्या सुनेची लांबलचक गोष्ट वाचायची, ती ऐकायला यायच्या. घरात दुपारी बाई अशी नुसती बसलेली दिसली की कुणीतरी काम सांगतंच.

पाटीवर शांततेखाली आणखी दोन ओळी होत्या. मुलं आणू नयेत, खाऊ नये. वन्संनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. "तुम्ही बोललात, मूल रडलं, कचरा दिसला, तर हे बंद होईल. मग मी काय करू?" तिची अडचण सगळ्यांना माहीत होती, त्यामुळे कुणी ब्र काढत नसे. बाळ चुळबुळलं की माळीण त्याला पदराखाली घ्यायची. पुजारीणबाईंना सर्वांत जड गेलं. कहाणी ऐकताना ऐकणारीने मधून मधून हूं म्हणायचं, ही आपली रीत. त्याशिवाय सांगणारीला कळत नाही, समोरच्या जाग्या आहेत की पेंगल्या. वन्संनी त्यांचं हूं बंद केलं. त्या नुसती मान हलवायच्या. जायच्या वेळी आम्ही शेंगांची टरफलं वेचायचो, बाळाने ओलं केलं असेल तर पुसायचो, सतरंजी घडी करून ठेवायचो आणि अनवाणी बोळातून पसार व्हायचो. मागून मास्तर आत येत ते कुलूप लावायला. खोली लख्ख.

आमच्या या शहाणपणाने आम्ही आमच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. कसा तो ऐका.

संक्रांत होऊन गेली होती, परीक्षा दोन-अडीच महिन्यांवर आली होती. वन्सं वाचत असताना ओट्यावरून मास्तर खाकरले. रस्त्याकडेच बघत म्हणाले, "बाई, एक सांगायचं आहे."

वन्सं थांबली. मास्तर आपण होऊन कधी बोललेच नव्हते.

"पुढच्या महिन्यापासून ही मंगळवारची वेळ बंद होणार. बाजाराला खेड्यापाड्यांतून माणसं येतात. त्यांना इथे बसवून वर्तमानपत्र वाचून दाखवावं असं मंडळींच्या मनात आहे. कामही चांगलंच आहे. मला विचारलं, बायका किती येतात? मी म्हटलं, एक बाई येते. चांगलं वाचते. मंडळी म्हणाली, एकीसाठी खोली अडवून ठेवता येणार नाही."

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागलो. वन्संनी पुस्तक मिटलं होतं, पण बोट आतच होतं. तिचा चेहरा पाहिला आणि माझं डोकं फिरलं.

"एक?" मी आतून ओरडले. "मग आम्ही बाकीच्या काय उशा आहोत?"

कोटाची पाठ ताठ झाली. "दुसऱ्या कोण?"

"मी यांची वहिनी. आणि चांगल्या पंधरावीस जणी आहोत आम्ही इथे."

"मला कधी ऐकू आल्या नाहीत."

"ऐकू येऊ नये म्हणूनच तर तोंडाला कुलूप घालून बसतात! तुमच्याच पाटीवर लिहिलंय ना?"

माळीण म्हणाली, "आवं मास्तर, मग वळून बगा की! आमी हाय का न्हाय ते दिसंल."

"वळणार नाही," मास्तर म्हणाले. "तुमच्या घरच्यांना शब्द दिलाय. आज मी वळलो तर पुढच्या मंगळवारी यातल्या किती जणींना घरातून सोडतील?"

टांगेवाल्याच्या बायकोने नकळत पदर पुढे ओढला.

मास्तर पुढे म्हणाले, "मी ऐकलं तेवढं सांगितलं. आता तुमच्या सांगण्यावरून पंधरावीस म्हटलं तर ते विचारतील, मास्तर, काल एक होती, आज वीस कुठून आणल्या? त्यापेक्षा पुढच्या मंगळवारी मी चिटणीसांनाच इथे ओट्यावर आणून बसवतो. त्यांनी आपल्या कानांनी ऐकावं. पण गलका नको. बायका गप्पा मारायला येतात असं त्यांचं मत झालं तर संपलंच."

म्हणजे आवाज व्हायला हवा आणि गलका व्हायला नको. संध्याकाळी वन्संनी केलेल्या भाकऱ्या सगळ्या एका बाजूने करपल्या. सासूबाई बोलल्या, तेही तिने ऐकून घेतलं. मला एवढंच म्हणाली, "अण्णांना इतक्यात सांगू नका." मला तिची फार दया आली, आणि मास्तरांचा फार राग. खरं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं, पण राग यायचा तो येतोच.

शुक्रवारी मी देवळात गेले. पुजारीणबाई नेहमीप्रमाणे कहाणी सांगत होत्या, भोवती बायका बसल्या होत्या. मीही बसले. माझं लक्ष कहाणीत नव्हतंच, वन्संच्या काळजीत होतं. तरी मधून मधून माझ्या तोंडून हूं जात होतं. सगळ्यांच्याच जात होतं. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला.

कहाणी संपल्यावर मी पुजारीणबाईंना बाजूला घेतलं. "मंगळवारी वन्सं वाचतील तेव्हा तुमचं हूं सोडा मोकळं. आपण सगळ्याच म्हणू."

"भूगोलाला हूं?" त्या म्हणाल्या. "त्यात देवाचं नाव तरी असतं का ग?"

"नद्यांची नावं असतात."

"मग चालेल. नद्या म्हणजे देवच."

वन्सं मात्र तयार होईना. "हसतील ते," म्हणाली.

"हसू देत. हसायला तरी आत माणसं आहेत एवढं त्यांना कळेल."

मंगळवार आला. ओट्यावर दोन खुर्च्या होत्या. मास्तरांच्या शेजारी चिटणीसांची पाठ. ही रुंद, आणि कोट नवा. चिटणीस वकील होते, कोर्टातून उठून आले असावेत, कारण बसल्याबसल्याच मास्तरांना म्हणाले, "लवकर आटपेल ना?"

वन्संनी पुस्तक उघडलं. आवाज स्वच्छ लागला. "भीमा नदी सह्याद्रीत भीमाशंकराजवळ उगम पावते."

परका पुरुष आला म्हटल्यावर एकीचाही घसा उघडेना. चार दिवस ज्यांना पढवलं त्या माना खाली घालून सतरंजीच्या पट्ट्या मोजायला लागल्या. शेवटी मीच "हूं" म्हटलं. ते माझं मलाच केविलवाणं वाटलं.

"ती आग्नेयेकडे वाहत जाते."

"हूं," पुजारीणबाई म्हणाल्या, देवळातल्यासारखं, खणखणीत. मग तेलुगू बायकांनी "ऊं" म्हटलं. त्यांच्यातही गोष्टीला असंच म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. टांगेवाल्याची बायको आणि तिची जाऊ "हौ, हौ" म्हणाल्या. पुढच्या वाक्याला सगळ्या. त्याच्या पुढच्या वाक्याला आणखी मोठ्याने. वन्सं वाक्य संपवून थांबायची, हूं आलं की पुढे जायची. मीही म्हणत होते आणि मला अगदी आनंदाने रडू येत होतं.

मग सीना आली. "सीना ही भीमेची उपनदी असून ती दक्षिणेकडे जाऊन भीमेला मिळते."

"शीनेला पानी असतंय कुटं?" माळणीला राहवलं नाही. "उनाळ्यात आमी तितं कलिंगडं लावतो की! लई ग्वाड हुतात."

खोलीत हशा उसळला. त्या हशाने बाळ दचकून उठलं आणि त्याने जो टाहो फोडला, तो कोर्टापर्यंत गेला असेल. इतके दिवस जे जे लपवलं होतं ते सगळं एका दमात बाहेर आलं. संपलं, असं माझ्या मनात आलं. वन्संनी डोळे मिटून घेतले. पण क्षणभरच. डोळे उघडून ती माळणीकडे वळली आणि म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. पुस्तकवाल्यांनी पावसाळ्यातली सीना धरली आहे. उन्हाळ्यात तिचं पाणी वाळूखाली जातं. तुमची कलिंगडं तेच पाणी पितात."

"हूं," माळीण म्हणाली, खरोखर पटल्यासारखं.

आणि वन्संनी पुढचं वाक्य वाचलं. माळणीने बाळाला पाजायला घेतलं, तेही गप्प झालं.

ओट्यावर चिटणीस पुढची दोन-तीन वाक्यं ऐकत बसून राहिले. घाई विसरले असावेत. मग म्हणाले, "मास्तर, ही बाई शिकवते की काय?"

"वाचते, असं मी सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "शिकवते हे मलाही आजच कळलं."

"खेड्यातल्या लोकांचं वाचन सकाळी ठेवू या. बाजार भरायच्या आधी." चिटणीस उठले, छत्री शोधायला लागले. "आणि मुलं आणू नयेत असं पाटीवर आहे ना?"

"आहे."

"मला काही ऐकू आलं नाही," चिटणीस म्हणाले आणि पाठमोरेच ओट्याच्या पायऱ्या उतरून गेले.

त्यानंतरचे मंगळवार हूं म्हणण्यातच गेले. इतिहास, भूगोल, अपूर्णांक, सगळ्याला हूं. कुणाला पटलं नाही की ती अडवायची आणि वन्संना समजावून सांगावं लागायचं. सांगून सांगून तिचंच पक्कं झालं. परीक्षेचा निकाल लागला त्या दिवशी मामंजी कचेरीतून परस्पर बघून आले. टोपी खुंटीला लावली, पाणी प्याले आणि म्हणाले, "पुण्याला थंडी असते. हिला शाल घ्यावी लागेल." आम्हाला निकाल कळला तो असा. वन्सं स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुधनीचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. पुढे तिने अकलूजला मुलींच्या शाळेत पुष्कळ वर्षं शिकवलं.

तिला आगगाडीत बसवून दिलं त्यानंतर आलेल्या मंगळवारची गोष्ट सांगते आणि थांबते.

जेवणं झाली, भांडी झाली आणि माझे पाय आपोआप बोळाकडे वळले. आता कुणाची सोबत करायची होती? तरी सासूबाईंचा डोळा लागलेला बघून गेले. घरात तिच्याविना करमत नव्हतं. आत बघते तर सगळ्या आलेल्या. पुजारीणबाई भिंतीला टेकून, माळीण बाळाला घेऊन, बुरखे खुंटीला. मधली जागा तेवढी रिकामी होती.

"सावकाराची सून माहेरून निघाली होती," पुजारीणबाई म्हणाल्या. "पुढं काय झालं तिचं? वाच की ग."

"मला नाही येत तसं."

"कसं येतं तसं वाच."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी ओट्याच्या दिशेने तोंड करून विचारलं, "मास्तर, ती सावकाराच्या सुनेची गोष्ट कुठे आहे?" माझा आवाज मास्तरांनी ओळखला असणार, कारण उत्तर यायला जरा उशीर लागला.

"पहिलं कपाट, मधला कप्पा. निळा पुठ्ठा. आत खूण घातलेली आहे."

खूण वन्संनी घातली होती, तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी. मी मधल्या जागी बसले. पहिली ओळ बोट ठेवून वाचली. दुसऱ्या ओळीत जोडाक्षर आलं. मी त्यावर अडखळले, मागे आले, पुन्हा अडखळले. कसंबसं वाक्य संपवलं. खोलीत कुणी हूं म्हटलं नाही. त्यांचा दोष नव्हता, मी काय वाचलं ते त्यांना कळलंच नव्हतं. मला तरी कुठे कळलं होतं? कानशिलं तापली. वन्संची आठवण आली. पुस्तक मिटावं आणि घरी जावं असं वाटलं.

तेवढ्यात ओट्यावरून, रस्त्याकडेच तोंड करून, मास्तर म्हणाले, "हूं."

मी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.